धरणातली मोटारसायकल

मेथी निवडायला बसलं की पानांपेक्षा काड्यांचाच ढीग मोठा होतो. आमच्या जंगल समितीचं तसंच आहे. निर्णय निघतो चिमूटभर, किस्से निघतात सुपभर! निर्णय वनखातं घेऊन जातं, किस्से माझ्याकडे राहतात. आता सूप भरलं, म्हणून ओतते आहे.

आधी थोडं माझं सांगते. गावात मला सगळे आत्या म्हणतात. मी या गावची लेक आणि उतारवयात पुन्हा इथंच राहायला आले, त्यामुळे अर्धा गाव माझा भाचा. शाळेत गेले नाही. वाचायला शिकले ते किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. त्यात एक घोटाळा असायचा. बातमीची सुरुवात माझ्या साखरेच्या पुडीवर, आणि शेवट कुणाच्या तरी घरी हळदीला बांधून गेलेला! तेव्हापासून खोड लागली : शेवट आपण स्वतः जाऊन पाहायचा.

आमचं गाव कारंज्याच्या पलीकडे, अभयारण्याला खेटून. गाव, मग माझा हरभरा, मग जंगल, मग जंगलाच्या पोटात धरण. हा क्रम नीट लक्षात ठेवा. रोही म्हणजे नीलगाई, डुकरं, अस्वलं संध्याकाळी धरणावर पाणी पितात, म्हणून तिकडेच राहतात. तिथं त्यांना कुणी पिऊ दिलं नाही, तर त्यानंतरचं पाणी म्हणजे माझ्या विहिरीजवळचा हौद, आणि हौदाच्या चारी बाजूंनी हरभरा. माझा स्वार्थ आहे तो असा. मी लपवत नाही.

*

समितीत आम्ही चौघं बोलणारे, बाकीचे चहा पिणारे. अध्यक्ष नामदेवराव, ज्यांना प्रत्येकाचंच म्हणणं पटतं. लीला, माझी शेजारीण, जिला कुणाचंच पटत नाही. मनोहर, हायवेवरचा ढाबेवाला, गावात त्याला शेठ म्हणतात. आणि मी. वर वनखात्याचा गार्ड, राऊत.

एक दिवस राऊतने कागद वाचला. अभयारण्यातल्या धरणात पर्यटकांसाठी ‘वैयक्तिक जलवाहन’ चालवू द्यावं का, यावर समितीने मत द्यायचं होतं.

“हे काय असते बाप्पा?” नामदेवराव म्हणाले.

“पाण्यावरची मोटारसायकल समजा.”

झालं! सगळी समिती जागी झाली.

“एव्हरेज किती देते?”

“टिबल सीट चालते का?”

मागून एकाने विचारलं, “मांगं फवारणीचा पंप बसते का?”

लीला म्हणाली, “काय फवारतं रे पाण्यावर? मासोळ्याईले कीड लागली का?”

राऊत वैतागला. “अहो, परवानगी द्यायची की नाही ते सांगा!”

“ते पाहू ना साहेब,” नामदेवराव म्हणाले. “आधी कलर कोणता हाये ते सांगा.”

राऊतने कागद उलटून पाहिला. रंग काही लिहिलेला नव्हता. तेवढ्यात कोपऱ्यातून मनोहरचा आवाज आला.

“लाल हाये.”

सगळ्यांच्या माना वळल्या. मत द्यायचं अजून बाकी होतं, आणि मनोहरने गाडी आणूनसुद्धा ठेवली होती!

*

लाल आहे म्हटल्यावर मी घरी बसणार होते का? दुसऱ्या दिवशी एसटीने कारंज्याला गेले, ढाबा गाठला. तंदूरच्या मागे, ट्रक उभे राहतात तिथं ताडपत्रीखाली ती होती. ड्रायव्हरांनी तिच्यावर बनियनं वाळत घातली होती. मी ती बाजूला केली, ताडपत्री ओढली आणि बघतच राहिले. गुळगुळीत, टोकदार, एखाद्या मोठ्या लाल वाटाण्याच्या शेंगेसारखी. खाली ना चाक, ना पंखा. पोटाशी एक जाळी आणि मागे एक नळकांडं. पुढून पाणी ओढते, मागून फेकते, त्या धक्क्याने पळते, असं मनोहरने समजावून सांगितलं. मला ते फार आवडलं. खोटं कशाला बोलू?

मी काष्टा सारखा केला आणि वर बसले. नऊवारीचा हा फायदा आहे, पाचवारीवाल्यांनी विचार करावा.

“मनोहर, याले ब्रेक कुठं हाये?”

“ब्रेक नसते आत्या याले.”

“मंग थांबते कशी?”

“रेस सोडली का पाणीच थांबवते. हळूहळू.”

“अन् वळते कशी?”

“रेस दिली तरच वळते. रेस सोडून हँडल फिरवलं तर सरळच जाते.”

मी विचार केला. “म्हंजे समोर कोणी आलं, तर थांबता येत नाई. वाचवाचं असन तर आणखी रेस द्याची?”

मनोहर डोकं खाजवायला लागला. शेजारच्या खाटेवर एक सरदारजी ड्रायव्हर डाळ-रोटी खात होते. घास तोंडात ठेवूनच ते म्हणाले,

“माताजी, हम तो ट्रक भी ऐसे ही चलाते हैं!”

*

पुढच्या बैठकीत मनोहर तयारी करून आला. “आवाजाचा लोकं फालतू बाऊ करून राह्यले. घरच्या मिक्सरएवढा आवाज हाये. मिक्सरनं कोनतं जनावर पळून राह्यलं?”

नामदेवरावांना लगेच पटलं. “हो ना, मिक्सर तं आपल्याही घरी हाये.”

त्याच्या पुढच्या बैठकीला मी घरून मिक्सर घेऊन गेले. ग्रामपंचायतीच्या टेबलावर मांडला, प्लग लावला, भांड्यात शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ घातलं. मनोहर बोलायला उभा राहिला तसं बटण फिरवलं.

घर्रर्र!

मनोहर बोलत होता. ओठ हलताना दिसत होते. त्याने आवाज चढवला, मी एक नंबरवरून दोनवर नेलं. त्याने हात हलवले, मी तीनवर नेलं. दारातलं कुत्रं उठून गेलं.

शेवटी तो ओरडला, “आत्या, बंद कर वं ते! माणसाले काही बोलता-आयकता येते का अशानं?”

मी बटण बंद केलं. चटणीचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

त्या दिवशी धरणाचा विषय पुढे ढकलला गेला. चटणी मात्र सर्वानुमते मंजूर झाली!

*

वर्ध्याहून एक पक्षीवाले सर बोलावले होते. फार सज्जन माणूस, गळ्यात दुर्बीण. त्यांनी पडद्यावर फोटो दाखवले. धरणाचं पाणी उतरलं की मधे जी खडकाळ बेटं उघडी पडतात, त्यांवर काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा एक पक्षी अंडी घालतो. घरटं नाही, काडी नाही, उघड्या गोट्यांत अंडी. अंडी कोणती आणि गोटे कोणते, आम्हाला एकाही फोटोत ओळखता आलं नाही. मी उठून पडद्याला नाक लावून पाहिलं, तरी नाही. सर म्हणाले, अशी मशीन जवळून गेली की जी लाट उठते, त्या लाटेने अंडी वाहून जातात.

मनोहर म्हणाला, “सर, एक सांगा. अंडी इतकी कामाची हायेत तं तो पक्षी जरा उंचावर काऊन नाई घालत? पाण्याच्या काठाले घालते, मंग वाहून गेली म्हणून आपल्यावर नाव!”

सर उत्तर शोधायला लागले. ते सापडायच्या आत लीला बोलली.

“शेठ, तुमचा ढाबा गावात बांधाचा होता ना. हायवेच्या काठाले काऊन बांधला?”

“गिऱ्हाईक तिथं असते म्हणून!”

“तं त्याचंही गिऱ्हाईक पाण्यातच हाये. मासोळ्या!”

सर म्हणाले, “माझं भाषण संपलं.”

*

नामदेवरावांचा स्वभाव असा की दोघं भांडत असले तर ते दोघांच्याही बाजूने भांडतात. एका बैठकीत ते आनंदाने उड्या मारतच आले. तोडगा सापडला होता!

“शनवार-रविवार मशीन. सोमवार ते शुक्रवार जनावरं. कोनाचंच नुकसान नाई!”

लीलाने शांतपणे विचारलं, “अध्यक्षसाहेब, हे वार जनावराईले कोन सांगन?”

नामदेवराव राऊतकडे वळले. “गार्डसाहेब, एखादा बोर्ड लावता येते ना धरणावर?”

राऊत म्हणाला, “बोर्ड लावलेला आहे अध्यक्ष. ‘संध्याकाळनंतर प्रवेश बंद’ असा. रोज संध्याकाळी रानडुकरं त्यालाच पाठ खाजवतात.”

नामदेवरावांचा उत्साह तरी ओसरला नाही. “मंग दवंडी देऊ!”

*

शेवटी ठरलं की आधी मशीन चालताना पाहू, मग बोलू. धरणात तर चालवता येत नव्हती, म्हणून मनोहरने आपल्या शेततळ्यात आणली. तेच ते, खड्डा खणून आत काळं प्लास्टिक अंथरलेलं.

नवी गाडी, म्हणून पूजा आली. मनोहरच्या बायकोने झेंडूचे हार आणले होते, एक पुढे, एक मागे. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला. पूजा सांगणारे महाराज लिंबू घेऊन वाकले आणि तसेच वाकून राहिले.

“शेठ, चाक?”

“चाक नसते महाराज याले.”

“मग लिंबू कशाखाली ठेवू?”

बरीच चर्चा झाली. शेवटी लिंबू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या चाकाखाली ठेवलं. ट्रॉली पुढे घेतली, लिंबू चिरडलं, सगळ्यांचं समाधान झालं.

“मांगं कोन बसते?” मनोहरने विचारलं. नामदेवराव दोन पावलं मागे सरकले. मी तर सकाळपासून वाटच पाहत होते! लुगड्यावरून ते नारिंगी जाकीट चढवलं आणि त्याची कंबर धरून बसले.

पोरांनो, काय सांगू! तोंडावर पाणी, पदर झेंड्यासारखा. एक चक्कर झाली आणि मी ओरडले, “आणखी एक!” काठावरून लीला ओरडली, “आत्या, विरोधात हायेस ना वं तू?”

दुसऱ्या चकरेत मात्र मशीन खोकली. मागच्या नळकांड्यातून झेंडूच्या पाकळ्या उडाल्या, पिवळ्याधमक, लग्नातल्यासारख्या. मग ती बंद पडली. काढायचे राहून गेलेले दोन्ही हार पोटाच्या जाळीने ओढून घेतले होते. दोऱ्यासकट!

बरोबर तळ्याच्या मधे आम्ही आत्या-भाचे बसलो. काठावरचे दोर आणायला पळाले. चारीकडून शांत. तेव्हा मनोहर माझ्याकडे न वळताच बोलायला लागला.

“आत्या, तुले वाटते मी जंगलाच्या मुळावर उठलो. तो नवा मोठा रस्ता झाला तवापासून ट्रक तिकडूनच निघून जाते. ढाब्यावर खाटा खाली पडल्या राह्यते. अभयारण्यात लोकं येतीन, मशीनवर बसतीन, तं जेवाले माह्याकडं थांबतीन. एवढंच हाये.”

“ते आधीच सांगाचं होतं ना मंग.”

“अन् एक सांगू? कोनाले सांगू नोको. गिऱ्हाईक विचारते, शेठ, तुमी इथलेच, जनावरं लय पाह्यली असतीन? मी म्हणतो, हो, लय. वाघ सांगतो, अस्वल सांगतो.” तो थांबला. “बारा वर्षांचा होतो तवा बाबानं गल्ल्यावर बसवलं. धरणावर सांजच्या टायमाले मी कधी गेलोच नाई. सांजचा टाइम म्हंजे धंद्याचा टाइम. रोह्याशिवाय काहीच नाई पाह्यलं म्या, आत्या. तेही तुह्या हरभऱ्यात.”

मी पदराने त्याच्या पाठीवरचं पाणी टिपलं.

तेवढ्यात दोर आला, आम्हाला म्हशीसारखं काठावर ओढलं. नामदेवरावांनी विचारलं, “मंग आत्या, पास का नापास?”

“मशीन पास!” मी म्हटलं. “धरणात नाई. अशी चीज हायवेजवळच्या कोन्याही तळ्यात चालवा, मी पयली बसतो. पन तिथं नाई.”

“म्हंजे हो का नाई?” नामदेवराव म्हणाले. त्यांना दोन्ही पटलं होतं.

*

शेवटचा दिवस. वनखात्याचे मोठे साहेब स्वतः मत ऐकायला धरणावर आले. स्वच्छ पांढरी जीप, त्यात एसी, म्हणून इंजिन चालूच. समिती काठावर सतरंजीवर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ती लाल मशीन, या वेळी हार नाही. मशीन पाण्यात उतरवायची नाही, असं राऊतने बजावलं होतं. साहेबांना आवाज ऐकवायला ट्रॉलीवरच क्षणभर चालू करायची, एवढीच मुभा. मनोहर इस्त्रीचा शर्ट घालून मशीनवर बसला होता, किल्ली लावलेली, बोट बटणावर. ढाबा त्या दिवशी त्याने बायकोवर सोपवला होता.

बोलणी झाली. मी माझा हरभरा सांगितला, हौद सांगितला. लीलाने अंडी सांगितली. नामदेवरावांनी सगळ्यांचं सांगितलं. साहेब म्हणाले, “आजी, आवाजाने जनावरं जातील, हा तुमचा अंदाज आहे. अंदाजावर मी कसं लिहू? या मशीनचा आवाज ऐकू, मग बघू.” हे त्यांचं चुकीचं नव्हतं. मलाही शेवट पाहायचाच होता.

ऊन उतरलं होतं. धरणाचा एक फाटा तिथं अरुंद होतो, पलीकडचा काठ अगदी हाकेवर. साहेबांनी मनोहरकडे पाहून मान हलवली, म्हणजे चालू करा. मी कानांवर पदर घेतला.

काहीच झालं नाही.

मी पाहिलं तर मनोहरचं बोट बटणावरच होतं, पण डोळे पलीकडे. तिकडच्या करवंदीच्या जाळीतून एक अस्वल खाली येत होतं. मादी. डुलत डुलत, पंजे आत वळवून, म्हातारी बाई उतारावरून उतरते तशी. आणि पाठीवर दोन पिल्लं, तिच्या केसांत मुठी रोवून बसलेली. एक पुढे तोंड करून, एक उलटं. पाण्याशी ती थांबली. मान वर करून तिने हवा हुंगली. पाण्याला तोंड लावेना.

लीलाने माझा हात दाबून धरला.

साहेब आमच्याकडे तोंड करून उभे होते. त्यांना पलीकडचं काही दिसलं नव्हतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. “काय झालं शेठ? करा ना चालू.”

मनोहरने मान वळवली नाही. बटणावरचं बोट उचललं, ओठांवर ठेवलं, आणि आयुष्यात मी त्याचा इतका बारीक आवाज कधी ऐकला नव्हता, अशा आवाजात म्हणाला,

“साहेब, आधी तुमची ती जीप बंद कराले सांगा!”